मोटारींचा कार्यक्रम स्ट्रीमिंगवर जातो तेव्हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे रुळलेला कार्यक्रम पैसे भरून पाहायच्या स्ट्रीमिंग सेवेवर गेला की प्रतिक्रियांचा पूर येतो, आणि त्यातून "लोकांना आवडला" किंवा "लोकांनी नाकारला" असा एका ओळीचा निकाल काढण्याची घाई सगळ्यांनाच होते. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक बीबीसीतून बाहेर पडले आणि निर्माते अँडी विल्मन यांच्यासह ॲमेझॉनवर 'द ग्रँड टूर' घेऊन आले, तेव्हाही हेच झाले. परीक्षण लिहिणाऱ्यांना, माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांना किंवा केवळ गाड्यांच्या प्रेमापोटी हा इतिहास समजून घेऊ पाहणाऱ्यांना त्या प्रतिक्रियांतून खरे काही काढायचे असेल, तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: सुरुवातीच्या प्रतिक्रियांचा मोठा भाग स्थलांतराबद्दल असतो, कार्यक्रमाबद्दलचे मत सावकाश तयार होते, आणि ही दोन्ही एकत्र मोजली की दोन्ही चुकतात.

म्हणून कोणतीही प्रतिक्रिया हाती आली की प्रथम तिची तारीख पाहावी. उत्तर यॉर्कशायरमधील एका हॉटेलात दुसऱ्या एका निर्मात्याला मारहाण केल्याच्या प्रकारानंतर क्लार्कसन यांना मार्च २०१५ मध्ये निलंबित करण्यात आले आणि २५ मार्चला त्यांच्या कराराचे नूतनीकरण होणार नसल्याचे बीबीसीने जाहीर केले. ॲमेझॉनशी करार झाल्याची घोषणा ३० जुलै २०१५ रोजी झाली आणि पहिला भाग १८ नोव्हेंबर २०१६ रोजी आला. म्हणजे घोषणेपासून पहिल्या भागापर्यंत जवळपास सोळा महिने गेले आणि या काळात कार्यक्रम म्हणून पाहण्यासारखे कोणाच्याही समोर काही नव्हते. त्या काळातला उत्साह आणि संताप हा क्लार्कसन यांच्याविषयी, बीबीसीविषयी किंवा ॲमेझॉनविषयी आहे. कार्यक्रमाच्या दर्जाचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही.

पहिल्या भागानंतरच्या आठवड्यातही सावध राहावे. त्या भागाची सुरुवातच स्थलांतराची कथा सांगते: क्लार्कसन पावसाळी, करड्या लंडनमधून एकटे निघतात, विमानाने लॉस एंजेलिसला उतरतात, मस्टँग घेऊन उन्हात बाहेर पडतात, वाटेत दोघे साथीदार त्यांना येऊन मिळतात आणि अखेरीस वाळवंटातल्या मोठ्या जमावासमोर तिघे पोहोचतात. हे दृश्य पाहून ज्यांचे डोळे पाणावले, ते तिघांच्या पुनर्मीलनाला दाद देत होते. त्याच भागात पोर्तुगालमधील पोर्तिमाओच्या ट्रॅकवर मॅकलरेन पी१, पोर्शे ९१८ आणि लाफेरारी या तीन हायब्रिड गाड्यांची तुलना आहे; गाड्यांच्या त्या भागाबद्दल कोणी काय लिहिले हे वेगळे काढून ठेवावे. माझ्या मते नव्या घरातल्या कार्यक्रमाविषयीचे विश्वसनीय मत तिसऱ्या-चौथ्या भागापासून मिळू लागते, कारण तोपर्यंत नवलाई ओसरलेली असते आणि ज्यांना केवळ डोकावून पाहायचे होते ते निघून गेलेले असतात.

यानंतरचे काम सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत फळ देणारे आहे, ते म्हणजे एकेक तक्रार उकलणे. 'द ग्रँड टूर'चा स्टुडिओ म्हणजे एक मोठा तंबू होता. समजा, ब्रिटनमधल्या एका प्रेक्षकाने असे लिहिले आहे: "पूर्वीची मजा गेली, आता तर पैसेही मोजायचे, आणि तो तंबूतला विनोद किती वेळा ऐकायचा?" वाचताना हे एकच नाराजीचे वाक्य वाटते, पण त्यात तीन वेगळी माणसे बोलत आहेत. "पैसेही मोजायचे" ही तक्रार कार्यक्रमापर्यंत पोहोचण्याविषयी आहे. तिचे वजन ठरवायचे तर २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही पाहण्यासाठी घराला घ्यावा लागणारा परवाना, वर्षाला १४५.५० पौंडांचे होते आणि ॲमेझॉन प्राइमचे सदस्यत्व ७९ पौंडांचे होते, हे समोर ठेवावे लागते. ज्याला लायसन्स सोडायचे नव्हते त्याच्या दृष्टीने हा वरचा खर्च होता. उलट, केवळ मागणीनुसार मिळणारे स्ट्रीमिंग पाहणाऱ्याला, बीबीसीची आयप्लेअर ही ऑनलाइन सेवा वगळता, लायसन्स लागत नाही, त्यामुळे काहींनी याच बदलाचे सुटका म्हणून स्वागत केले. एकाच रकमेवर दोन विरुद्ध प्रतिक्रिया आल्या तर त्यातला कोणीही चुकत नाही. दोघांची घरे वेगळी आहेत, इतकेच.

"पूर्वीची मजा" हा भाग काळाविषयी आणि सोबतीविषयी आहे. 'टॉप गिअर' रविवारी संध्याकाळी बीबीसी टूवर लागत असे, घरातल्या सगळ्या पिढ्या एकाच वेळी पाहत आणि सोमवारी कामाच्या ठिकाणी त्याची चर्चा होई. 'द ग्रँड टूर'चे भाग दर शुक्रवारी येत, पण पाहणारा आपल्या सवडीने पाहत असे, त्यामुळे कोणाशी बोलायचे तर समोरच्याने भाग पाहिला आहे की नाही हे आधी विचारावे लागे. ही हानी खरी आहे आणि तिची टिंगल करू नये, पण ती भरून काढणे सूत्रसंचालकांच्या हाती नाही. तिसरा तुकडा, म्हणजे तंबूतला विनोद, हाच काय तो कार्यक्रमावरचा अभिप्राय. अशी उकल करून तीन वेगळ्या रकान्यांत नोंदी केल्या की ढोबळ नाराजीचा आकार पुष्कळदा बदलतो.

कार्यक्रमावरच्या त्या तिसऱ्या रकान्यात 'द ग्रँड टूर'च्या पहिल्या पर्वाबाबत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पाहुणा कलावंत तंबूपर्यंत पोहोचण्याआधीच 'मरतो' असा 'सेलिब्रिटी ब्रेन क्रॅश' हा विभाग अनेकांना कंटाळवाणा वाटला. 'द अमेरिकन' म्हणून आणलेले रेसिंग ड्रायव्हर माइक स्किनर यांचे पात्र ओढूनताणून आणल्यासारखे वाटले. जॉर्डनमधील लष्करी प्रशिक्षण केंद्रात चित्रित झालेल्या दुसऱ्या भागात गाड्या कमी आणि रचलेली गंमत फार, असा आक्षेप आला. या तक्रारी वाचताना हक्कांचा प्रश्न विसरू नये. स्टिग हा चेहरा झाकलेला चाचणी चालक आणि स्वस्तातल्या गाडीत पाहुण्यांनी मारायची फेरी ही बीबीसीच्या कार्यक्रमाची ओळख होती व ती तिथेच राहिली, त्यामुळे त्यांची जागा भरणारे काहीतरी नव्या मंडळींना शोधावेच लागले. "स्टिगसारखा कोणी नाही" ही तक्रार असेल तर ती कल्पकतेच्या अभावाची आहे की मालकीच्या वाटणीची, याचा विचार करूनच ती कोणत्या रकान्यात घालायची ते ठरवावे.

तुलनेच्या बाबतीत प्रेक्षक जवळजवळ नेहमीच एक अन्याय करतात: नव्या कार्यक्रमाचे पहिले पर्व जुन्याच्या सर्वोत्तम आठवणींशी ताडून पाहतात. क्लार्कसन आणि विल्मन यांनी नव्याने घडवलेले 'टॉप गिअर' ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाले तेव्हा जेम्स मे त्यात नव्हतेच. जुन्या गाड्यांच्या खरेदीचे सल्ले देणारे जेसन डॉ तिसऱ्या जागी होते आणि मे पुढच्या वर्षी आले. लोकांना आठवते ते तिघांचे जमलेले गणित घडायला वेळ लागला होता. तेव्हा "पूर्वीसारखे नाही" असे कोणी लिहिले असेल, तर 'पूर्वी' म्हणजे कोणते वर्ष, हे संदर्भावरून शोधावे. त्याच वेळी उलटी चूकही टाळावी. २०१६ मध्ये ख्रिस इव्हान्स आणि मॅट लब्लांक यांचे नवे 'टॉप गिअर' ज्यांना पसंत पडले नाही, त्यांनी 'द ग्रँड टूर'ला दिलेली दाद काही अंशी त्या निराशेतून आलेली आहे.

आकडे हाताळताना प्रत्येक आकडा नेमके काय मोजतो हे आधी लिहून ठेवावे. २९ मे २०१६ रोजीच्या नव्या 'टॉप गिअर'च्या पहिल्या भागाला रात्रीच्या मोजणीत सुमारे ४४ लाख प्रेक्षक होते. नंतरच्या दिवसांत रेकॉर्ड करून किंवा आयप्लेअरवर पाहणारे धरले की हाच आकडा ६० लाखांच्या पुढे जातो. ॲमेझॉनने 'द ग्रँड टूर'चा प्रेक्षकांचा आकडा तेव्हा प्रसिद्ध केला नाही, आणि ब्रिटनमधील प्रेक्षक मोजणारी बार्ब ही संस्था स्ट्रीमिंग सेवांचे आकडे नियमितपणे देऊ लागली ती नोव्हेंबर २०२१ पासून. मार्च २०१८ मध्ये रॉयटर्सने ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे वृत्त दिले, त्यानुसार पहिल्या पर्वाचा खर्च सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर होता आणि १५ लाखांहून अधिक सदस्यांनी प्राइमवर सर्वप्रथम हाच कार्यक्रम पाहिला. हा आकडा नव्याने खेचून आणलेल्या लोकांचा आहे, एकूण प्रेक्षकांचा नव्हे. ४४ लाखांशी तो ताडून पाहणे अर्थशून्य आहे.

चोरून पाहणाऱ्यांचा आकडाही असाच जपून वापरावा. बेकायदा डाउनलोडचा माग ठेवणाऱ्या म्युसो या कंपनीच्या अंदाजानुसार पहिला भाग ७९ लाख वेळा बेकायदा डाउनलोड झाला. हे पैसे न भरण्याच्या हट्टाचे लक्षण आहे असे म्हणण्यापूर्वी लक्षात घ्यावे की १८ नोव्हेंबरला तो कार्यक्रम ब्रिटन, अमेरिका, जर्मनी आणि जपान एवढ्यांतच कायदेशीरपणे उपलब्ध झाला; भारतासह इतर बहुतेक देशांत प्राइम व्हिडिओ १४ डिसेंबर २०१६ रोजी पोहोचला.

सह्यांच्या मोहिमांना तर वेगळीच फूटपट्टी लागते. क्लार्कसन यांना परत घ्यावे या मागणीवर जमलेल्या जवळपास दहा लाख सह्या २० मार्च २०१५ रोजी रणगाड्यासारख्या लष्करी वाहनातून, स्टिगचा पांढरा पोशाख केलेल्या माणसासह, बीबीसीच्या दारात नेण्यात आल्या. त्यातून जिव्हाळा दिसतो यात शंका नाही. परंतु सही फुकट असते, आणि सही करणाऱ्यांपैकी किती जण पुढे सदस्य झाले हे त्या कागदांवरून कळत नाही.

प्रतिक्रियांचा परिणाम झाला का, हे पाहायचे असेल तर पुढचे पर्व शेजारी ठेवावे. डिसेंबर २०१७ मध्ये दुसरे पर्व आले तेव्हा 'द अमेरिकन' नव्हता आणि पुढे गाड्यांची चाचणी रेसिंग ड्रायव्हर ॲबी ईटन यांच्याकडे आली. 'ब्रेन क्रॅश' जाऊन पाहुण्यांची खरी शर्यत असलेला 'सेलिब्रिटी फेस ऑफ' आला. हे दोन्ही बदल तक्रारींशी तंतोतंत जुळतात, म्हणून त्यांचा संबंध जोडणे रास्त आहे. पहिल्या पर्वात देशोदेशी हिंडलेला तंबू दुसऱ्या पर्वात इंग्लंडमध्येच एका जागी स्थिरावला, त्याचे श्रेय मात्र प्रेक्षकांना देऊ नये, कारण अशा निर्णयामागे खर्च, प्रवास आणि प्रकृती अशी कितीतरी कारणे असू शकतात. एप्रिल २०१९ मध्ये तंबूतले भाग थांबले आणि त्यानंतर सप्टेंबर २०२४ मधील तिघांच्या झिम्बाब्वेच्या अखेरच्या सफरीपर्यंत केवळ लांब पल्ल्याचे विशेष भाग आले. प्रेक्षकांचे या भागांवरचे प्रेम 'टॉप गिअर'पासूनचे असल्यामुळे इथे पसंती आणि निर्णय यांची दिशा एक दिसते, एवढेच जबाबदारीने म्हणता येते.

शेवटी निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधानाला देश, भाग आणि महिना जोडावा: "ब्रिटनमधील प्रेक्षकांनी डिसेंबर २०१६ मध्ये दुसऱ्या भागावर घेतलेला आक्षेप" असे लिहिले की वाचणाऱ्याला ते तपासता येते. याशिवाय जे बोललेच नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. रविवारी संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्या ज्या वडीलधाऱ्यांच्या घरी इंटरनेटची जोडणी किंवा सदस्यत्व नव्हते, त्यांनी तक्रार नोंदवली नाही आणि ताऱ्यांचे गुणांकनही दिले नाही. या तिघांचा कार्यक्रम त्यांच्यापुरता २८ जून २०१५ रोजी, 'टॉप गिअर'मधल्या तिघांच्या अखेरच्या भागासोबत संपला होता, आणि कोणत्याही प्रतिक्रियांच्या संग्रहात ते सापडत नाहीत.