पिट्युटरीची गाठ आणि केआय-६७: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

नैरोबी, लागोस, दार-एस-सलाम अशा शहरांत पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथीच्या) गाठीचा रुग्ण बऱ्याचदा न्यूरोसर्जनसमोर येतो तो नजर अधू झाल्यावरच. एमआरआयमध्ये मोठी गाठ दिसते आणि 'आक्रमक ट्यूमर' असा शेरा पडतो. पहिली चूक इथेच होते. गाठ मोठी आहे एवढ्यावरून ती वेगाने वाढली असं ठरत नाही. पाळी थांबणं, डोकेदुखी, अंगठी घट्ट होणं या तक्रारींकडे वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही, तर संथ गाठही तेवढीच वाढते. म्हणून जुना स्कॅन असेल तर आधी तो मागवा.

दुसरी चूक जास्त घातक आहे: केआय-६७ चा आकडा, म्हणजे हे प्रथिन सापडलेल्या गाठीतल्या पेशींचं प्रमाण, ३ टक्क्यांच्या वर दिसला की गाठ आक्रमक आहे असा निकाल लागला असं समजणं. हे प्रथिन विभाजन चालू असलेल्या पेशींत असतं, विश्रांतीतल्या पेशींत नसतं. पण आकडा कुठून आला ते पाहा. नमुना फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) वेळेवर पडला का? जिल्ह्यातून राजधानीपर्यंतच्या प्रवासात तो आठवडाभर त्यातच राहिला का? उशिरा किंवा अती फिक्सिंग झालेल्या (फॉर्मेलिनमध्ये उशिरा पडलेल्या किंवा फार काळ राहिलेल्या) ऊतीत एमआयबी-१ चा, म्हणजे केआय-६७ दाखवणाऱ्या अँटिबॉडीचा, रंग फिका पडतो आणि आकडा खोटा कमी येतो. उलट गाठीत रक्तस्राव होऊन गेला असेल, तर भरून येणाऱ्या ऊतीतल्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी, लिम्फोसाइटसुद्धा मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. नाकावाटे काढलेले तुकडे इवले असतात. सगळ्यात गडद भाग मोजला की सरासरी घेतली, किती पेशी मोजल्या, हे रिपोर्टात लिहिलेलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा. त्यात संकोच नको.

'अटिपिकल अॅडेनोमा' (नेहमीपेक्षा वेगळी वागू शकेल अशी गाठ) हा शेरा अजूनही काही रिपोर्टांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात तो काढून टाकला. आता गाठ कोणत्या पेशीवंशाची आहे हे पिट-१, टी-पिट, एसएफ-१ या पेशीतल्या प्रथिनांवरून सांगतात. ती तपासायची रसायनं नसलेल्या प्रयोगशाळेत एकटा केआय-६७ करून फारसं हाती लागत नाही. किमान गाठ कोणतं हार्मोन बनवते हे दाखवणारे रंग तरी करून घ्या. वरून शांत दिसणारी कॉर्टिकोट्रॉफ गाठ (एसीटीएच हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) कमी आकड्यावरही पुन्हा उगवू शकते.

आणि एक चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रायनॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार आक्रमक म्हणायचं ते आजूबाजूच्या भागात घुसलेल्या आणि असाधारण वेगाने वाढणाऱ्या, किंवा शस्त्रक्रिया, औषधं, किरणोपचार व्यवस्थित होऊनही वाढत राहिलेल्या गाठीला. आफ्रिकेतल्या अनेक देशांत रेडिओथेरपीचं एकही यंत्र नाही. कॅबरगोलिन हे औषध मिळालंच नाही किंवा परवडलं नाही म्हणून प्रोलॅक्टिनोमा (प्रोलॅक्टिन हार्मोन बनवणारी गाठ) वाढला, तर त्याला 'औषधाला दाद न देणारा' म्हणू नका. त्या रुग्णाला औषध मिळालेलंच नाही. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाचा विचार करण्याआधी हे तपासा.

आकडा कमी आला तरी पाठपुरावा सोडू नका. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी एमआरआय करा, म्हणजे पुढच्या तुलनेला आधार मिळतो. उपचारासाठी मुंबई-पुण्यात येणाऱ्या आफ्रिकी रुग्णांनी मूळ पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड सोबत आणाव्यात. नुसत्या छापील रिपोर्टावर इथला पॅथॉलॉजिस्ट पुन्हा तपासणी करू शकत नाही.