ग्राहकाचा पत्ता फ्रेट फॉरवर्डरचा निघाला तर माल कसा पाठवावा?

ऑर्डर येते, पैसे जमा होतात आणि पत्ता पाहून मनात पाल चुकचुकते. ग्राहकाचं नाव एका देशातलं, पत्ता मात्र तुमच्याच देशातल्या गोदामाचा, आणि नावापुढे अक्षरं-आकड्यांची एक विचित्र जोडी. पहिला विचार येतो, ऑर्डर रद्द करून मोकळं व्हावं. पण तसं केलं तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. असे पत्ते वापरणारे बहुतेक लोक साधे ग्राहक असतात. ज्या दुकानातून थेट परदेशात माल येत नाही, तिथली वस्तू त्यांना हवी असते, इतकंच. धोका खरा आहे, पण तो पत्त्यात क्वचितच असतो. पैसे कोण देतोय, कसे देतोय आणि पैसे दिल्यावर काय बदलायला सांगतोय, यात तो असतो.

१. पत्ता ओळखा

फ्रेट फॉरवर्डर म्हणजे परदेशी ग्राहकाला स्थानिक पत्ता देणारी कंपनी. माल तिच्या गोदामात येतो, ती तो पुढे ग्राहकाच्या देशात पाठवते. एकाच गोदामाच्या पत्त्यावर हजारो खाती असल्यामुळे प्रत्येकाला सुईट क्रमांक किंवा सांकेतिक क्रमांक मिळतो. नावापुढची ती विचित्र जोडी म्हणजे हा क्रमांक. तो लेबलवरून गाळलात तर पार्सल गोदामात बेवारस पडून राहतं, म्हणून पत्ता जसाच्या तसा छापायचा.

अमेरिकेत अशी बरीच गोदामं डेलावेअर, ऑरेगन आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत आहेत, कारण तिथे राज्याचा विक्रीकर नाही. लॅटिन अमेरिकेकडे जाणारा माल फ्लोरिडातल्या मायामीच्या आसपास गोळा होतो. पत्ता इंटरनेटच्या नकाशावर टाकून पाहा. ट्रक लागलेलं गोदाम दिसलं आणि कंपनीचं नाव जुळलं, तर फॉरवर्डर खरा आहे.

उलट, पत्ता साध्या राहत्या घराचा असेल आणि ग्राहक म्हणत असेल की तिथून माल पुढे जाणार आहे, तर जास्त सावध व्हा. चोरीच्या कार्डावर घेतलेला माल बाहेर काढण्यासाठी ‘घरबसल्या पार्सल तपासण्याचं काम’ अशी जाहिरात देऊन लोकांना फसवून नेमलं जातं, आणि तो माल त्यांच्या घरी उतरवून पुढे पाठवला जातो. गोदामापेक्षा घराला घाबरावं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण या धंद्यात तसंच आहे.

एक गंमतही सांगतो. ईबे या ऑनलाइन बाजाराची स्वतःची आंतरराष्ट्रीय योजना याच तत्त्वावर चालते. अमेरिकेतला विक्रेता माल देशातल्याच एका केंद्रावर पाठवतो आणि पुढचा प्रवास ईबेकडे असतो. जुन्या योजनेचं केंद्र केंटकी राज्यात होतं, आताच्या योजनेचं इलिनॉयमध्ये आहे. या पत्त्यांना फॉरवर्डर समजून घाबरलेले आणि ऑर्डर रद्द केलेले विक्रेते कमी नाहीत.

२. ‘माझा एजंट’ हा शब्द आला की थांबा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

खरा ग्राहक फॉरवर्डरचे पैसे स्वतः भरतो. त्याचं तिथे खातं असतं आणि विक्रेत्याचा त्या कंपनीशी काहीही व्यवहार नसतो. ठग मात्र तुम्हाला मधे ओढतो. तो लिहितो, ‘मी सध्या कामानिमित्त बाहेर आहे, माझा शिपिंग एजंट माल उचलेल. मी किमतीपेक्षा जास्त पैसे पाठवतो, जादाची रक्कम तुम्ही एजंटला द्या.’ पाठोपाठ पैसे जमा झाल्याचा ईमेल येतो, हुबेहूब पेमेंट कंपनीच्या वाटणारा. ‘एजंटला पैसे दिल्याची पावती दाखवली की रक्कम मोकळी होईल’ असंही त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही वेस्टर्न युनियनने किंवा गिफ्ट कार्डाने एजंटला पैसे देता. एजंट आणि ग्राहक एकच माणूस असतो, आणि तुमच्या खात्यात काहीच जमा झालेलं नसतं. चेक असेल तर तो आधी वटल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी बनावट ठरून परत येतो.

म्हणून नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: विक्रेता कोणत्याही एजंटला एक पैसाही देत नाही. जास्तीची रक्कम आली तर पूर्ण व्यवहार रद्द करून ती आलेल्या मार्गानेच परत पाठवायची. पैसे आले की नाही हे ईमेलमधल्या दुव्यावरून बघायचं नाही. ॲप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडून खात्यात बघायचं.

याच प्रकाराचं आणखी एक रूप आहे. पैसे खरोखर येतात, पण ‘एजंट तुमच्या घरी येऊन माल घेऊन जाईल’ असं सांगितलं जातं. माणूस येतो, सही करतो, माल नेतो. पुढे काही दिवसांनी ‘वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार येते. तुमच्याकडे ट्रॅकिंग क्रमांक नसतो आणि कागदावरच्या त्या सहीला पेमेंट कंपनी विचारत नाही. ऑनलाइन घेतलेल्या पैशांचा माल कुरिअरनेच जायला हवा.

३. पैशांची बाजू तपासा

ग्राहकाच्या कार्डाचा पत्ता आणि माल पोचवायचा पत्ता वेगळे असणं या व्यवहारात स्वाभाविक आहे. त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. कार्डाचा पत्ता तपासणारी व्यवस्था पत्त्यातले आकडे आणि पिनकोड जुळवते, आणि अनेक परदेशी बँकांच्या कार्डांवर ती चालतच नाही. ‘जुळत नाही’ आणि ‘तपासता येत नाही’ हे दोन वेगळे निकाल आहेत.

बघायचं ते हे: सगळ्या गोष्टी एकाच देशाकडे बोट दाखवतात का? कार्ड एका देशाचं, फोन दुसऱ्या देशाचा, फॉरवर्डर तिसऱ्याच भागात माल नेणारा, असं त्रांगडं असेल तर शंका घ्या. नवं खातं, महागडी आणि सहज विकली जाणारी वस्तू, एकाच वेळी तीन नग, किमतीबद्दल एकही प्रश्न नाही आणि ‘आजच पाठवा’ची घाई, यांतली एखादी गोष्ट चालेल. चार एकत्र आल्या तर मी ऑर्डर रद्द करतो.

स्वतःचं संकेतस्थळ असेल तर कार्डाच्या पैशांसाठी ओटीपीसारखी बँकेची जादा पडताळणी चालू ठेवा. ती पूर्ण झाली असेल तर ‘कार्ड माझं नव्हतं’ या तक्रारीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याच्या तक्रारीला मात्र त्याचा उपयोग नाही. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकाराने पैसे पाठवायचा आग्रह झाला तर त्या पैशांना विक्रेता संरक्षण, म्हणजे वादात विक्रेत्याचे पैसे वाचवणारी हमी, लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा.

४. पत्ता बदलायला सांगितलं तर

व्यवहाराच्या नोंदीत जो पत्ता आहे, तिथेच माल गेला पाहिजे. पेपालच्या विक्रेता संरक्षणाची ही मूळ अट आहे, आणि पार्सल निघाल्यावर वाटेत दुसरीकडे वळवलं तरी ती मोडते. ‘चुकून जुना पत्ता राहिला, या गोदामावर पाठवा’ असा निरोप आला तर ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्याने पुन्हा करायला सांगा. खरा ग्राहक थोडा कुरकुरेल आणि करेल. ठगाला तेवढा धीर नसतो.

५. पॅक करताना पुरावा गोळा करा

तक्रार आल्यावर फोटो शोधत बसणं म्हणजे वरातीमागून घोडे. आधी हे करा: अनुक्रमांकाचा जवळून फोटो, वस्तू चालू अवस्थेत, सगळे सुटे भाग एका चौकटीत, खोक्यात ठेवतानाचा न तोडलेला व्हिडिओ, आणि शेवटी लेबल लावलेलं बंद खोकं वजनकाट्यावर. वजन फार बोलकं असतं. ग्राहक म्हणतो खोकं रिकामं आलं, आणि कुरिअरच्या नोंदीत वजन अडीच किलो लागलेलं असतं, तर वाद तिथेच संपतो. बरेच फॉरवर्डरही आलेल्या पार्सलचं वजन नोंदवतात.

ट्रॅकिंग नेहमी घ्या. अमेरिकेत ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराला ईबे आणि पेपाल दोघेही पोचीची सही मागतात. गोदामात रोज शेकडो पार्सलं उतरतात, त्यामुळे सही कुणाची आहे यावर अडून बसू नका, ती त्या पत्त्यावर झाली एवढं पुरे.

लिथियम बॅटरी असेल तर खोक्यावर खूण लागते का ते आधी कुरिअरकडून तपासा, नाहीतर खोकं वाटेत अडकू शकतं आणि त्याची तक्रार तुमच्याकडे येईल. आणि वस्तू अंधारात पाहायच्या दुर्बिणी, थर्मल कॅमेरे अशा जातीची असेल तर निर्यात कायदा आधी पाहा. माल शेवटी कुठे जाणार याच्या जागी फक्त फॉरवर्डरचं नाव असणं, हे अमेरिकेच्या निर्यात नियंत्रण विभागाच्या धोक्याच्या खुणांच्या यादीत आहे. अशा वस्तूची ऑर्डर मी फॉरवर्डरच्या पत्त्यावर घेणार नाही.

६. तक्रार आली तर

तीन प्रकार असतात आणि तिघांची उत्तरं वेगळी.

‘मिळालं नाही’ ही तक्रार सगळ्यात सोपी. ट्रॅकिंगमध्ये गोदामात पोचल्याची नोंद दाखवा. त्यापुढे काय झालं ते ग्राहक आणि त्याचा फॉरवर्डर बघतील. इथे फॉरवर्डरचा पत्ता तुमच्या फायद्याचा ठरतो, कारण थेट परदेशी पाठवणीत हरवण्याची जी जोखीम तुमची असती, ती गोदामाच्या दारात संपते.

‘वर्णनाप्रमाणे नाही’ ही जास्त चिकट. पेपालच्या विक्रेता संरक्षणात ती बसतच नाही. ईबेवर मात्र पहिल्या पोचीनंतर दुसऱ्या पत्त्यावर पाठवलेली वस्तू परतावा हमीतून, म्हणजे ग्राहकाला पैसे परत देण्याच्या ईबेच्या हमीतून, वगळलेली आहे. त्यामुळे लगेच रिफंड देऊ नका. आधी ईबेच्या मदत विभागाला कळवा की माल पुढे परदेशी गेलेला आहे, आणि ग्राहकाचा ‘माझ्या देशात पोचल्यावर पाहिलं’ असा एखादा संदेश असेल तर तो जोडा. म्हणूनच सगळा पत्रव्यवहार त्या व्यासपीठावरच ठेवायचा, व्हॉट्सॲपवर न्यायचा नाही.

तिसरा प्रकार, कार्डधारक बँकेत जाऊन म्हणतो की हा खर्च मी केलाच नाही. हा चार्जबॅक. इथे बँक निकाल देते आणि ईबेची परतावा हमी कामाला येत नाही. उत्तराला मुदत असते, ती चुकवू नका. ऑर्डरची नोंद, पोच, पडताळणी झाल्याचा पुरावा आणि संदेश एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने पाठवा. लांबलचक निवेदन कुणी वाचत नाही.

बहुतेक कारणांसाठी कार्डाच्या चार्जबॅकची मुदत साधारण १२० दिवस असते, आणि पेपालवर ग्राहक पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उघडू शकतो. तोवर ते व्हिडिओ फोनमधून पुसू नका.