गॅलरीत खत करताय? या चुका टाळा

आमची गॅलरी चार बाय आठ फुटांची. कपड्यांची दोरी, तुळस आणि कोपऱ्यात वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या. तीन माणसांच्या घरातली देठं, सालं, चहाचा चोथा त्यातच जिरतो. पुण्याचा कचरा शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी वर्षानुवर्षं मारला गेला. त्यात आपल्या घरची भर नको, म्हणून सुरुवात केली. पहिली बादली मात्र तीन आठवड्यांत रिकामी करावी लागली, कारण वास. नंतर कळलं की वास आला म्हणजे सगळं बिघडलं असं नाही, फक्त काय चुकलंय ते समजून घ्यावं लागतं.

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत हवा नाही आणि पाणी जास्त झालंय. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर ओला कचरा जास्त पडलाय, सुका पालापाचोळा कमी. दोन्हींवर इलाज जवळपास सारखाच. सगळं वर्तमानपत्रावर उलथा, गोळे फोडा, भरपूर सुका पालापाचोळा मिसळा आणि पुन्हा भरा. मग मूठभर खत घट्ट दाबून पाहा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. बादलीच्या बुडाला आणि बाजूंना भोकं नसतील तर हे सगळं वाया जाईल. खाली ताटली ठेवा.

सुकं कमी घालणं ही सगळ्यात मोठी चूक. एक वाटी ओला कचरा टाकला की किमान एक वाटी सुकं हवंच, शक्यतो दीड-दोन. हे सुकं आणायचं कुठून? फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीच्या आवारात ढीग पडतात आणि बरेचदा कुणीतरी ते जाळून टाकतं. जीव तुटतो ते बघून. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती बाजूला ठेवायला लावा, कारण जुलैत कोरडं पान शोधून सापडत नाही. नाहीतर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आहेच. सुताराकडचा भुसाही चालतो, पण निव्वळ लाकडाचा. प्लायवूडच्या भुशात गोंद असतो, तो नको.

अळ्या दिसल्या की लोक घाबरून फिनेल ओततात. कृपा करून तसं करू नका, खत करणारे जिवाणूच त्यात मरतात. त्या करड्या, जाडसर अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. नकोशा वाटत असतील तर सुकं वाढवा. चिलटं मात्र उघड्या सालांवर येतात, म्हणून वर कायम बोटभर सुक्याचा थर ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर काहीच करू नका, काम नीट चाललंय.

काय टाकू नये? मासे, मटणाची हाडं, तेलकट रस्सा. उरलेला भात थोडासा, सुक्यात मिसळून चालतो. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या वर्षभर तशाच राहतात. निर्माल्यातली फुलं उत्तम, पण हारांचा दोरा आणि जरी आधी काढा.

आणखी एक चूक घाईची. एकच बादली रोज भरत राहिलात तर खत कधीच तयार होत नाही, कारण वर सतत ताजा कचरा पडत असतो. एक भरली की झाकून बाजूला ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा आणि दुसरी सुरू करा. दीड-दोन महिन्यांनी काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेलं खत मिळतं. अर्धकच्चं खत कुंडीत घातलं तर मुळं पोळतात. शंका असेल तर एका डबीत माती आणि खत समसमान घेऊन चिमूटभर मेथी पेरा. आठवड्याभरात हिरवी, ताठ रोपं आली तर खत कुंड्यांना घालायला हरकत नाही. पिवळी पडून माना टाकल्या तर बादली अजून पंधरा दिवस झाकून ठेवा.