गाडी लागणाऱ्यांसाठी हायोसीन: पट्टी, गोळी आणि सावधगिरी

नाशिकहून मुंबईला निघायचे आणि इगतपुरी मागे पडल्यावर, कसारा घाटाच्या तोंडाशी गोळी गिळायची, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. मळमळायला लागले की जठराचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि बहुधा उलटीबरोबर बाहेर येते.

हायोसीन हायड्रोब्रोमाइड, म्हणजेच स्कोपोलामाइन, कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारे संदेश दाबते. मोठ्यांसाठी 300 मायक्रोग्रॅमची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. पुन्हा लागली तर 6 तासांनी, 24 तासांत जास्तीत जास्त 3 वेळा. दुकानात नुसते ‘हायोसीन’ मागू नका. पोटातल्या कळेवरचे हायोसीन ब्युटिलब्रोमाइड (बस्कोपॅन) मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे गाडी लागण्यावर ते कुचकामी आहे.

हायोसीनची कातडीवर चिकटवायची पट्टी डॉक्टरांनी लिहून दिली तरच वापरावी. सकाळी सप्तशृंगी गडाला निघायचे असेल तर रात्रीच लावा. परिणाम यायला किमान 4 तास लागतात. कानामागची केस नसलेली, कोरडी, न खरचटलेली जागा निवडा. एका वेळी एकच पट्टी, आणि ती कापायची नाही. 3 दिवस चालते. निघून पडली तर नवी दुसऱ्या कानामागे.

लावल्यावर आणि काढल्यावर साबणाने हात धुवा. इथेच बहुतेकांचे चुकते: तोच हात डोळ्याला लागला की एका डोळ्याची बाहुली मोठी होते, जवळचे धूसर दिसते आणि घरचे अर्धांगाच्या भीतीने दवाखान्यात धावतात.

अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर हे औषध नकोच. प्रोस्टेट वाढून लघवी अडते त्यांनी, गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. म्हाताऱ्यांना भ्रम होऊ शकतो, लहान मुलांना पट्टी लावू नये. तोंडाला कोरड आणि झोप येतेच; गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, दारूही नको. अॅव्होमिन या गाडी लागण्यावरच्या दुसऱ्या गोळीतल्या प्रोमेथाझिनचाही काहीसा असाच परिणाम असतो, दोन्ही एकत्र नकोत. चैत्रातल्या यात्रेच्या उन्हात जास्त जपा: घाम कमी येतो, अंग तापते. त्वचा गरम-कोरडी पडली, बडबड सुरू झाली, लघवी तुंबली किंवा डोळा लाल होऊन ठणकला, तर पट्टी लगेच काढा आणि रुग्णालय गाठा.

महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यातही स्कोपोलामाइन असते. पण बी-पानात किती, याचा काही नेम नाही. घरगुती उपाय म्हणून ते तोंडात घालू नका.

वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका. तिच्यात औषध उरलेले असते. बरेच दिवस लावून काढल्यावर साधारण दिवसभराने चक्कर, मळमळ होऊ शकते. तेवढ्यासाठी नवी पट्टी लावू नका.