स्टेजवर बोलायला शिकायचंय? आधी भाषण पाठ करणं सोडा

फर्स्ट इयरला मी वक्तृत्व स्पर्धेत चार पानांचं भाषण पाठ करून गेलो होतो, दुसऱ्या परिच्छेदात "त्याचप्रमाणे" म्हटलं आणि पुढचं काही आठवेचना, हॉलमधला पंखा तेवढा ऐकू येत होता, शेवटी तसाच खाली उतरलो. विषय मला चांगला समजला होता, पण पाठ होती ती फक्त वाक्यं, आणि पाठ केलेलं प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला टांगलेलं असतं, एक निसटलं की सगळंच गेलं.

म्हणून विषय मिळाला की लगेच लिहायला बसू नका. आधी मित्राला सांगा, आपल्या नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात चहा पिता पिता सांगितलं तरी चालेल. तो जिथे "म्हणजे?" विचारतो तिथे तुम्हाला उदाहरण पाहिजे, आणि जिथे तो मोबाईल काढतो तो भाग सरळ कापा. असं दोन-तीन जणांना सांगून झालं की मग मुद्दे काढा, चार किंवा पाच, त्याहून जास्त नको, आणि ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर मोठ्या अक्षरात एकेका शब्दात लिहा. मोठा पातळ कागद घेऊन गेलात तर हात थरथरला की तो फडफडतो आणि शेवटच्या रांगेलाही दिसतो. पाठ करायचीच असतील तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, बास.

सुरुवातीवर मेहनत घ्या. "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" यात पाच मिनिटांतला बराच वेळ जातो, ते एका श्वासात संपवा आणि लोकांच्या डोक्यात आधीच जो प्रश्न आहे त्यालाच हात घाला. बाबासाहेबांचं १५ ऑक्टोबर १९५६ चं नागपुरातलं भाषण मिळवून वाचा. आदल्या दिवशी धर्मांतर झालं होतं आणि लोक विचारत होते की यासाठी नागपूरच का निवडलं, बाबासाहेब भाषणाच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर देतात. एवढा मोठा विषय समोर असताना समोरच्याची शंका आधी घेणं, हे मला त्यातून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं वाटतं.

सराव मनातल्या मनात होत नाही. उभं राहून, मोठ्याने, टायमर लावून बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. सकाळी अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर जा, मित्राला वीस पावलांवर उभा करा, त्याला ओरडल्यासारखं न वाटता शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे. रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्या दिवशी फक्त "तर", "म्हणजे", "ॲक्च्युअली" किती वेळा आलं तेवढं मोजा, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी गप्प राहून बघा. तो एक सेकंद तुम्हाला खूप लांब वाटतो, ऐकणाऱ्याला नाही.

आता भीती. छाती धडधडणं हे ॲड्रेनलिनचं काम आहे, सराव असला तरी ते होतंच, त्यामुळे ते थांबायची वाट बघू नका. नाव पुकारायच्या आधी चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, असं पाच-सहा वेळा. कोमट पाणी प्या, बोलायच्या आधी तर्री पोहे नको, घसा धरतो. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि जरासा खाली.

भाषेबद्दल एक मनापासून सांगतो, आपल्याकडे बरीच पोरं "करून राहिलो" तोंडातून निघेल म्हणून बोलतच नाहीत. स्पर्धेत प्रमाण मराठी वापरा, ठीक आहे, पण घरचा शब्द आला तर अडखळू नका, माफी तर अजिबात मागू नका. ज्या तुकडोजी महाराजांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्यांनी खंजिरी वाजवत गावोगावच्या लोकांना त्यांना कळेल अशाच भाषेत सांगितलं.

संधी छोट्या घ्या. वर्गातला सेमिनार, एनएसएस कॅम्पमधली संध्याकाळ, आणि आभारप्रदर्शन, जे कुणालाच नको असतं, ते मागून घ्या. मग १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या किंवा २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागा, स्पर्धा त्यानंतर. डिसेंबरात इथे हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा विधानसभेतली भाषणं मोबाईलवर लाईव्ह बघा, मध्येच कुणी अडवलं तर बोलणारा आपल्या मुद्द्यावर परत कसा येतो तेवढंच टिपून ठेवा.

भाषण झालं की त्याच दिवशी "कसं झालं?" विचारू नका, सगळे मस्त म्हणतात. दोन दिवसांनी ऐकणाऱ्यांपैकी एकाला विचारा की काय लक्षात राहिलं. त्याने एखादा मुद्दा सांगितला तर तो मुद्दा पोचला, आणि "आवाज भारी होता" एवढंच म्हणाला तर कार्ड परत काढा आणि कुठला मुद्दा उदाहरणाशिवाय सांगितला होता ते शोधा.