राखेची माती वाळवू नका: सह्याद्रीतून क्यूशूला जाऊ पाहणाऱ्यांसाठी

सातारा, कराड, पाटणकडची मुलं मृदाशास्त्रात एम.एस्सी. करत असली की एक प्रश्न हमखास विचारतात. आपला अख्खा सह्याद्री ज्वालामुखीतून आलेला, मग ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीवर काम करायला जपानला कशाला जायचं? मी पाटण खोऱ्यातली. एम.एस्सी. महाराष्ट्रातच केलं आणि पीएच.डी. जपानच्या क्यूशू बेटावरच्या जंगलउतारांच्या मातीवर. म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो.

आपल्याकडे आहे तो लाव्हा, राख नव्हे. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो बहुतांश भेगांमधून वर येऊन पसरत गेला. राखेचे ढग उडवणारे स्फोट त्यात कमीच. थोडी राख पडली, तिच्या खुणा लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांत सापडतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना रस्त्याच्या कापात असे पट्टे दिसतात. अशा पट्ट्यांतल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरूनच दख्खनच्या उद्रेकांची वयं बारकाईने ठरवली गेली. (या थरांना भूशास्त्रज्ञांनी वाई, आंबेनळी, महाबळेश्वर, पोलादपूर अशी नावं दिली आहेत. परदेशातल्या सेमिनारमध्ये कुणी तोंड वाकडं करून 'आंबेनळी' म्हणायला लागला की मला फार बरं वाटतं.) पण ते पट्टे आता दगडात जमा. त्यावर आपला पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मग लांबलचक कोरडा काळ. इतक्या वर्षांत सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि कासच्या पठारावर दिसतो तो जांभा तयार झाला.

राखेची माती याच्या अगदी उलट, म्हणजे वयाने लहान. राखेतली काच लवकर कुजते आणि नीट स्फटिक न झालेली खनिजं बनतात: ॲलोफेन, इमोगोलाइट, फेरिहायड्राइट. वर्षभर ओलावा असेल तर ती टिकतात. कोरडा काळ लांबला किंवा वय वाढलं की त्यांच्या जागी हॅलोइसाइटसारखी चिकणखनिजं येतात. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात या मातीला १९९० मध्ये अँडिसॉल हा स्वतंत्र गण मिळाला. तिच्या मुख्य कसोट्या पाठच करून टाका: स्थूल घनता (आतल्या पोकळ्यांसकट मोजलेली) प्रति घनसेंटिमीटर ०.९० ग्रॅम किंवा कमी, स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवण्याचं प्रमाण ८५ टक्के किंवा जास्त, आणि ऑक्झलेट या रसायनाच्या द्रावणात विरघळणारं ॲल्युमिनियम अधिक निम्मं लोह मिळून किमान २ टक्के. या यादीत 'राख असली पाहिजे' असं कुठेच म्हटलेलं नाही. निलगिरीच्या उंच डोंगरांवर राखेशिवायच असे गुण असलेली माती सापडली आहे, आणि त्यावर २००० मध्ये शोधनिबंधही आला. तेव्हा 'आपल्याकडे काहीच नाही' म्हणून हात झटकायचंही कारण नाही.

आता खड्ड्यात उतरू. क्यूशूच्या डोंगरात सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची लावलेली जंगलं आहेत. उतार इतके उभे की मातीपेक्षा स्वतःला सावरण्यातच निम्मी ताकद जाते. पण खणायला सुरुवात केली की आपल्या माणसाला पहिल्यांदा काही खरंच वाटत नाही, कारण टिकावाची गरजच पडत नाही. फावडं अलगद आत जातं. काढलेलं ढेकूळ हातात घ्या, ते दिसतं त्यापेक्षा कितीतरी हलकं लागतं. चिमटीत धरून दाबा, आधी घट्ट वाटतं. जरा जास्त चोळलं की अचानक आतून पाणी सुटतं आणि माती लोण्यासारखी निसटते. हे बोटांना एकदा कळलं की पुढे पुस्तक उघडावं लागत नाही.

आपल्या काळ्या रानाची सवय असलेल्याला इथला काळा रंग फसवतो. कृष्णाकाठची काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीमुळे तशी असते. तिचा सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. क्यूशूची काळी माती कर्बामुळे काळी. ॲल्युमिनियमने ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला, असं धरून ठेवलेलं असतं की जिवाणूंना ते सहजी मिळत नाही. तिला तशा भेगा पडत नाहीत. गर्द काळा थर मुख्यतः गवताळ माळांखाली तयार झालेला असतो, जुन्या जंगलाखालची राखेची माती तपकिरीकडे झुकते. म्हणून आज सुगीचं जंगल उभं आहे आणि खाली काळाभोर थर आहे असं दिसलं, तर इथे पूर्वी गवत होतं का, हे आधी विचारायचं.

मातीच्या छेदात, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीवर दिसणाऱ्या थरांत, आणखी एक गंमत असते. दक्षिण जपानभर एक नारिंगी-पिवळसर थर भेटतो, तो अकाहोया. किकाई ज्वालामुखीच्या सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ही राख. तो थर सापडला की वरच्या मातीचं वय आपोआप कळतं. सपाटीवर तो सरळ रेघेसारखा दिसतो, उतारावर मात्र त्याचा काही नेम नाही. माथ्यावर धुऊन पातळ झालेला, पायथ्याला वरून आलेल्या मातीखाली खोल गाडलेला, आणि मध्ये कुठे झाड उन्मळून पडलं असेल तर चक्क उलटापालटा. म्हणून उतारावर एक खड्डा म्हणजे शून्य खड्डे, असं मी मानते. माथा, मध्य, पायथा असे किमान तीन हवेतच.

आणि मग नमुना. आपल्याकडे माती परीक्षणाचं पहिलं वाक्य काय? माती सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, २ मि.मी.च्या चाळणीतून गाळा. कोणत्याही प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं आणि आपल्या जमिनींसाठी ते बरोबरच आहे. राखेच्या मातीत तेच केलं तर काम तिथेच संपलं. ॲलोफेनचे कण म्हणजे काही नॅनोमीटरचे पोकळ गोळे. एकदा कोरडे पडून एकमेकांना चिकटले की पुन्हा पाण्यात टाकून सुटत नाहीत. चिकणमातीचं प्रमाण कमी दिसतं, पाणी धरण्याची क्षमता घटते, आणि आकडे कागदावर अगदी नीटनेटके दिसत असल्याने शंकाही येत नाही. तेव्हा दुहेरी पिशवी, हवा काढून घट्ट गाठ, थंड पेटी आणि पुढे फ्रीज. गाळायची ती ओलीच. ओलावा मोजायला थोडी माती वेगळी काढून १०५ अंशांवर वाळवायची आणि सगळे हिशेब त्यावरून कोरड्या वजनात आणायचे. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

कणांचं प्रमाण काढतानाही तीच तऱ्हा. आपल्याकडे कण सुटे करायला वापरतात ते हेक्झामेटाफॉस्फेट घातलं की काळी माती सुटी होते; ॲलोफेनवाली माती त्यात गोळा होऊन खाली बसते. तिला बऱ्याचदा आम्लात सुटी करावी लागते. ऑक्झलेटचं निष्कर्षण अंधारात करतात, कारण उजेडात स्फटिकरूप लोहही विरघळू लागतं. सोडियम फ्लोराइडची झटपट चाचणी मात्र शेतावरही जमते: सामू (पीएच) साडेनऊच्या वर चढला तर ॲलोफेनचा संशय घ्यायचा. फक्त माण-खटावच्या चुनखडीच्या जमिनीवर ती करून 'सापडलं' म्हणून नाचू नका. चुन्यानेही सामू तसाच चढतो. सोडियम फ्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला आणि काचेऐवजी प्लास्टिकचं भांडं वापरा.

जाण्याच्या सोपस्काराबद्दल थोडक्यात. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दूतावासामार्फत किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने अर्ज करता येतो. तारखा दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहा. प्राध्यापकाला मेल लिहिताना 'मला मातीची आवड आहे' हे पुरत नाही. कोणता उतार, कोणता प्रश्न, कोणती पद्धत, हे चार ओळींत आलं पाहिजे. भाषा शिका, कारण जंगलात सोबत येणारे वनमजूर इंग्रजी बोलतीलच असं नाही. आपल्याला ती तुलनेने सोपी जाते, क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. आणि तुलनेसाठी म्हणून सामानात कोयनेच्या मातीची पिशवी टाकू नका. परदेशी माती जपानमध्ये आणायला बंदी आहे, खास परवाना लागतो. परत येतानाही भारताचे नियम आहेतच.

नोकरीचं काय, हे आईवडील विचारतातच. नुसत्या अँडिसॉलवर भारतात पोट भरणार नाही. कृषी विद्यापीठं, आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) संस्था, नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, या सगळ्यांना हवे असतात ते छेद वाचता येणारे लोक. म्हणून विषय निवडताना घराकडे पाहून निवडा. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर खाली आला. तिथे राख नव्हती. कातळावर बसलेली कुजकी माती होती आणि अंगावर पाऊस. होक्काइदोत ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात हजारो ठिकाणी उतार घसरले, तिथे जुन्या राखेचे आणि प्युमिसचे (ज्वालामुखीतल्या सच्छिद्र, हलक्या दगडाचे) थर सुटले. कारणं वेगळी, पण खड्ड्यातलं काम एकच: पाणी कोणत्या थरावर अडतं आणि कोणता थर आधी मऊ पडतो ते शोधणं.

आणि ज्यांना जाणं जमणार नाही त्यांनी नोव्हेंबरात कोयनेकडे वळावं. जळवा कमी झालेल्या असतात, माती अजून ओली असते. वनविभागाची लेखी परवानगी महिनोन् महिने आधी मागा, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तिच्याशिवाय फावडंही नेता येत नाही. तीन खड्डे घ्या, नमुने ओलेच ठेवा, प्रत्येक थरातलं ऑक्झलेटमध्ये विरघळणारं लोह-ॲल्युमिनियम आणि स्फुरद धरून ठेवण्याचं प्रमाण काढा. जांभ्यावरच्या जंगलात स्फुरद किती अडकतो हे बघण्यासारखं आहे. निघण्याआधी खड्डे बुजवा, गव्याचा पाय जाऊ शकतो.