मिशरीच्या सर्व्हेआधी गटचर्चा घ्यायचीय? निघायच्या आधी एवढं बघून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे गटचर्चेत किती जणी मिशरी लावतात ते मोजायचं नाहीये, ते काम सर्व्हे करेल, आपल्याला तिथून सर्व्हेच्या प्रश्नांसाठी बायकांचे शब्द आणायचेत. "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात बरं का, मिशरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच, पण ती त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, ती कुठे खायची असते. २०१६-१७ च्या गॅट्स (प्रौढांच्या तंबाखू वापराच्या) सर्वेक्षणात देशातले २१.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरतात असं निघालं, तिथे मिशरीसारख्या गोष्टी वेगळ्या विचारल्या होत्या. आपला प्रश्न चुकला तर आपला आकडा आपोआप कमी येणार.

तर एथिक्स कमिटीची (संशोधनात लोकांना त्रास होणार नाही ना हे बघणारी समिती) परवानगी आधी घ्या, तिला वेळ लागतो. संमतीपत्र साध्या मराठीत करा, सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार. गावातल्या आशाताईंशी (आशा कार्यकर्तीशी) बोलून ठेवा, पण फक्त बायकांना बोलवायला, त्यांना आत बसवू नका, त्यांच्यासमोर सगळ्या जणी "आम्ही कधीच सोडली" म्हणतात. त्याच कारणाने आरोग्य उपकेंद्रात पण नको. अंगणवाडी बरी, पोरं घरी गेली की दुपारी. खुरपणीचे दिवस टाळा. एका गटात सहा ते आठ जणी पुरे, आणि सासवा वेगळ्या, सुना वेगळ्या, यात तडजोड नाही. मी एकदा सासवा-सुनांना एकत्र बसवलं होतं, दीड तास सासूबाईच बोलल्या आणि सुना पदराशी चाळा करत बसल्या, रेकॉर्डिंग सगळं वाया.

सोबत दोघं जण हवेत, एक बोलणारी आणि एक लिहिणारी, आणि लिहिणारीने कोण कुठे बसलंय याचा कागदावर नकाशा काढायचा, नाहीतर नंतर आवाज ओळखता येत नाहीत. रेकॉर्डर दोन न्या, सेल जास्तीचे. पंखा बंद करायचं विसरू नका, रेकॉर्डिंगमध्ये तोच ऐकू येतो 😅 चहा-बिस्किटं शेवटी, मध्ये नाही.

प्रश्न पाच-सहाच ठेवा आणि सुरुवात "सकाळी उठल्यापासून काय काय करता?" अशी. मिशरीचा विषय त्याच काढतील. मग "लावता" म्हणतात की "घासता", तोंडात किती वेळ ठेवतात, जेवणानंतर परत लागते का, पोटुशी असताना काय, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. "दिवसातून किती वेळा?" याला "एकदाच" उत्तर येतं, कारण सकाळचीच तेवढी मोजतात, दुपारची डोकं दुखतं म्हणून लावलेली मोजतच नाहीत. म्हणजे फॉर्ममध्ये सकाळ, दुपार, रात्र वेगवेगळं विचारायला लागणार. "तू लावतेस का?" असं गटात कुणाला थेट विचारू नका, इथलं बाहेर जाणार नाही याची हमी आपण दिली तरी शेजारीण देत नाही.

रेकॉर्डिंग ऐकून टायपिंग त्याच रात्री उरका. दोन-तीन गटांनी भागेल असं धरू नका, नवीन शब्द यायचे थांबेपर्यंत गट घ्या. मग प्रश्नाचा मसुदा करून चार-पाच वेगळ्या बायकांना एकेकटीला वाचून दाखवा आणि विचारा, "यात तुम्हाला काय विचारलंय?" तिने भलतंच सांगितलं तर प्रश्न परत लिहायचा.